औटी सरांची सावड

मंगळवारी दहाच्या तासाला औटी सर वर्गाचं दार लावून घेत. कुणी विचारलंच तर सांगत, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ फार, पोरांचं लक्ष उडतं. ते खोटंही नव्हतं. कॉलेज नारायणगाव रस्त्याला खेटून, आणि हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरवरची गाणी थेट फळ्यापर्यंत यायची. पण दार लावण्याचं खरं कारण वेगळंच होतं आणि ते सरांखेरीज फक्त त्या वर्गातल्या चोवीस पोरांना ठाऊक होतं. पोरं ते बाहेर बोलतील अशी भीती नव्हती, कारण न बोलणं हाच त्या वर्गाचा आजार होता.

यंदापासून कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी संवादवर्ग सुरू झाला होता. चोवीस-पंचवीस पोरांचा एक, असे सहा गट. आठवड्याला एक तास खुर्च्या गोल मांडायच्या आणि सत्रभर एकाच विषयावर बोलायचं. बोलायचं पोरांनी, शिक्षकानं तोंड आवरायचं. खेड्यातून आलेलं पोर कॉलेजात बुजतं, मागच्या बाकावर तीन वर्षं काढतं, पदवी घेऊन जातं आणि त्याचं नावही कुणाला कळत नाही, असं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. कल्पना चांगलीच होती. पण शिकवायला नेमलेले सहाही जण फळ्याकडं बघत शिकलेले आणि तसंच शिकवत आलेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून प्राचार्यांनी एकाला चार दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला धाडलं आणि परत आल्यावर बाकीच्या पाच जणांना तयार करायचं काम त्याच्याच गळ्यात घातलं. तो एक म्हणजे भरत औटी, विषय रसायनशास्त्र, नोकरी सव्वीस वर्षं, मीटिंगमध्ये नाही म्हणायची सवय नसलेला माणूस.

औटी सर बोरी बुद्रुकचे, कांदेवाल्यांच्या घरातले. पहिल्याच बैठकीत त्यांनी पुण्याच्या फायली बाजूला सारल्या आणि म्हणाले, "आपल्याकडं सावड असते. आज मी तुझ्या कांदा लागवडीला, उद्या तू माझ्या. आपण तसंच करू. आधी मी तुमच्या वर्गात येतो, मग तुम्ही माझ्या वर्गात या. साहेब तपासणीला आला असं कुणालाच वाटायला नको." सगळ्यांना ते पटलं. खेळाचे चिमाजी सर तर टाळी देऊन म्हणाले, "हे बेस झालं. मला वाटलं आता परीक्षा घेता का काय!"

सरांनी आपली पाळी चोख केली. लाल डायरी घेऊन ते एकेकाच्या वर्गात मागं बसले आणि प्रत्येकाला तीनच गोष्टी लिहून दिल्या. काय चांगलं, काय कमी, पुढं काय करायचं. त्यांची नजर खरोखर तयार होती. मराठीच्या तेजस्विनी मॅडम प्रश्न विचारायच्या आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकायच्या. सरांनी त्यांना लिहून दिलं, 'प्रश्न विचारला की मनात दहा आकडे मोजा. पोरं सातव्या-आठव्याला तोंड उघडतात.' मॅडमनी मोजले आणि पोरं बोलायला लागली. चिमाजी सरांना त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून ठेवायला लावली, तर तो वर्ग इतका मोकळा झाला की शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

आणि स्वतः सर? स्वतःच्या वर्गात सर चारच्या पुढं कधी गेले नाहीत. प्रश्न विचारायचा, एक, दोन, तीन, चार, की हात आपसूक खडूकडं. सव्वीस वर्षं त्यांच्या वर्गातली शांतता म्हणजे शिस्त होती. आता खुर्च्या गोल मांडल्यावर तीच शांतता अंगावर यायची. आपल्याला काही येत नाही हे चोवीस जण बघताहेत असं वाटायचं. मग दार लावून ते पाण्याचं रसायनशास्त्र शिकवत, कारण त्यांच्या गटाचा विषय होता पाणी. पोरं उतरवून घेत आणि गोल बसूनही एकमेकांकडं बघत नसत.

या मंगळवारांनी सरांची भूकसुद्धा मारली होती. तासाच्या धास्तीनं डबा तसाच घरी जायचा. असं दोनदा झालं तेव्हा बायकोला वाटलं, सर मंगळवार धरायला लागले. तिनं भाबडेपणानं डब्यात साबुदाण्याची खिचडी द्यायला सुरुवात केली. सरांना साबुदाणा बिलकूल आवडत नाही, पण खरं सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं.

सहकाऱ्यांची सावड फेडून घ्यायची वेळ आली की सरांचं काही ना काही निघायचं. एकदा प्रॅक्टिकल, एकदा रक्तदान शिबिर, एकदा घसा. ऑगस्टचा डिसेंबर झाला तरी सरांच्या वर्गात कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती सरांनी अशी घट्ट धरून ठेवली होती.

त्या शुक्रवारी दुपारी बुशरा कागदी त्यांच्या टेबलाशी आल्या. बुशरा मॅडम जुन्नरच्याच, कॉमर्स शिकवायच्या. नोकरीला लागून दीड वर्षच झालेलं. त्यांनी एक अर्ज पुढं ठेवला. 'संवादवर्ग घेण्यास मी असमर्थ आहे, तरी मला या जबाबदारीतून मुक्त करावे.' अर्ज प्राचार्यांकडं जायचा, पण औटी सरांच्या सहीनं.

"अहो मॅडम, हे काय?"

"सर, माझ्याच वर्गात पोरं बोलत नाहीत. तेजस्विनी मॅडमचा वर्ग नुसता गजबजलेला असतो. चिमाजी सरांची पोरं तास संपला तरी उठत नाहीत. आणि तुम्ही तर आम्हाला शिकवता. सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही. पोरांचं नुकसान कशाला?" बोलता बोलता त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं.

सरांनी डायरी उघडली. बुशरा मॅडमच्या वर्गात ते दोनदा बसले होते. पंचवीसपैकी आठ जण बोलले होते, तशी नोंदच होती. आठ! सरांच्या वर्गात आकडा शून्य होता. एक वाक्य पुरलं असतं, 'मॅडम, माझ्याही वर्गात कुणी बोलत नाही.' ते वाक्य घशापर्यंत आलंही. पण शेजारच्या टेबलावर तेजस्विनी मॅडम पेपर तपासत होत्या, दारात चिमाजी सर चहा पीत उभे होते. सरांनी वाक्य गिळलं आणि अर्ज डायरीत ठेवला.

"घाई नका करू. मंगळवारी बोलू."

"चालेल. मंगळवारी तुमचा तास असतो ना? मी येते. सोडायच्या आधी तुमची सावड तरी फेडते. तुम्ही दोनदा आलात, मी एकदाही नाही."

दारातून चिमाजी सरांनी ते ऐकलं आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, 'मंगळवारी आम्ही पाचही जण सरांच्या वर्गात. सावड एकदम फेडून टाकू.' खाली बाकी चौघांचे अंगठे. सरांनी फोन पालथा ठेवला.

रविवारी सर बोरीला गेले. थोरले भाऊ सोपान यांच्याकडं कांदा लागवड होती आणि सरांना एक दिवस तरी वेगळ्या कामात डोकं घालायचं होतं. वाफ्यात पाणी सोडलेलं, सावडीला आलेली दहाबारा माणसं ओणवी. त्यांत शेजारच्या मळ्यातले गेणूतात्याही होते. अंगात ताप, कानाला मफलर, रोप लावताना हात थरथरत होते.

सर भावाला म्हणाले, "दादा, तात्यांना घरी जाऊ दे की. ताप आहे त्यांना. कशाला बोलावलंस?"

"आरं, मी कुठं बोलावलं? आपनहून आलाय त्यो. गेल्या महिन्यात आपन दोन दिस त्याच्याकडं व्हतो ना!"

"मग नंतर फेडतील. एवढं काय त्यात?"

सोपानदादा सरळ उभे राहिले. कमरेवर हात ठेवून धाकट्या भावाकडं त्यांनी असं पाहिलं की प्राध्यापक झालेला माणूस पुन्हा पोरगा झाला. "तुला शिकून बी कळना बघ. फेडून घेतली न्हाई तर मानूस मिंधा ऱ्हातो. आन् मिंध्या मानसाला वर मान करून बोलता येत न्हाई. माघारी धाडला तर पुढल्या खेपेला त्यो आपल्याला हाक मारील व्हय?" मग त्यांनी आवाज टाकला, "गेणू, तू त्या आंब्याखाली बस राव, रोपांच्या जुड्या बांधून दे. पोरी इथनं नेतील!" गेणूतात्या आंब्याखाली बसले. पाच मिनिटांत ते पोरींना दटावू लागले, जुड्या नीट धरा म्हणून.

सरांना ते लागलं. बुशरा मॅडम वर मान करून का बोलत नाहीत, हे त्यांना त्या वाफ्यात चिखलानं बरबटलेल्या पायांनी उभं असताना लख्ख कळलं. पण कळतं ते वळतंच असं नाही. माणूस भ्याला की शहाणपण बाजूला ठेवतो आणि युक्ती शोधतो. घरी येऊन सरांनी संध्याकाळी बारा चिठ्ठ्या लिहिल्या. लाल पेनानं वर नंबर, खाली वाक्य. एक नंबरनं शंका विचारायची, दोननं उत्तर द्यायचं, तीननं नवा प्रश्न, चारनं सहमत होऊन दुसरी बाजू मांडायची, असा बारापर्यंत संवाद. सोमवारी त्यांनी त्या पोरांत वाटल्या. पोरांना काही नवल वाटलं नाही. शाळेत साहेब यायचे तेव्हा असंच असायचं. तीन नंबरची चिठ्ठी घाटघरच्या अक्षदाकडं गेली.

मंगळवारी दहाला पाचही जण हजर झाले. थंडी होती म्हणून सर दार लावायला गेले तर चिमाजी सरांनी ते सताड उघडलं. "राहू द्या सर, ऊन येतंय छान." सरांनी पाच खुर्च्या मागं भिंतीशी लावल्या होत्या. चिमाजी सरांनी त्यातली एक उचलून सरळ पोरांच्या गोलात घातली. "सावडीला आलेला मानूस बांधावर बसत न्हाई, सर." मग बाकीचेही पोरांच्या मध्ये मध्ये बसले. बुशरा मॅडम सरांच्या बरोबर समोर आल्या.

"आज आपण पाण्याविषयी बोलू," सर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "कोण सुरुवात करेल?"

एक नंबरचा पोरगा ताडकन उभा राहिला. "सर, मला एक शंका आहे. पृथ्वीवर एवढे पाणी असून टंचाई का होते?" लगेच दोन नंबर उठला. "फार चांगला प्रश्न. कारण त्यातले गोडे पाणी थोडे आहे."

आणि गाडी तिथंच थांबली. सगळे अक्षदाच्या खुर्चीकडं बघायला लागले. खुर्ची रिकामी होती. घाटघरच्या चार पोरी अजून आल्याच नव्हत्या. चार नंबर होता स्वराजकडं. गुणी पोरगा, सांगितलेलं काम न चुकता करणारा. त्यानं सरांकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, घाम पुसला आणि उठला. "मी अक्षदाच्या मताशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे." आता पाच नंबरच्या पोरीला तर थांबायचं कारणच नव्हतं. "स्वराजने फार महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

चिमाजी सरांनी खोकल्याचं निमित्त केलं. एवढ्यात दारात धापा टाकत अक्षदा उभी. "सर, गाडी चुकली, जीपनं आलो." ती घाईघाईनं बसली, मुठीतली चिठ्ठी उलगडली आणि आपल्यामुळं खोळंबा नको म्हणून मोठ्यांदा वाचून मोकळी झाली. "सर, पाण्याची शुद्धता मोजण्याचे निकष कोणते?"

वर्गात हशा पिकला. पोरं हसली, चिमाजी सर हसले, तेजस्विनी मॅडमनी पदर तोंडाला लावला. अक्षदा बावरून इकडंतिकडं बघत राहिली. हसल्या नाहीत त्या एकट्या बुशरा मॅडम. त्यांनी शेजारच्या पोराच्या हातातली चिठ्ठी घेऊन पाहिली. लाल पेन, ओळखीचं अक्षर. मग त्यांनी मान वर करून सरांकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण तिला उत्तर दिल्याशिवाय सुटका नव्हती.

"मॅडम," सर म्हणाले, आणि हसणं थांबलं. "चिठ्ठ्या मी लिहिल्यात. पोरांचा दोष नाही. माझ्या वर्गात कुणी बोलत नाही. ऑगस्टपासून एकदाही नाही. मी दार लावून लेक्चर देतो. तुम्हाला दहापर्यंत मोजायला सांगतो आणि मी चारच्या पुढं जात नाही. तुमच्या वर्गात आठ जण बोलतात. माझ्याकडं शून्य. हे मी तुम्हाला शुक्रवारीच सांगायला हवं होतं."

बोलून झालं आणि सरांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला. उलट डोक्यावरचा भारा कुणीतरी हात देऊन उतरवावा तसं त्यांना हलकं वाटलं, इतकं हलकं की ते चक्क हसले. सुटलो एकदाचे, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी खडूचा डबा फिरवून बाराही चिठ्ठ्या गोळा केल्या. मग खाली बसून म्हणाले, "अक्षदा, तुझी चिठ्ठी गेली. आता पाण्याविषयी तुला काय विचारायचंय ते विचार."

शांतता पसरली. एक. दोन. तीन. अक्षदा नखं बघत होती. चार. सरांचा हात उठला, सवयीनं, खडूकडं. समोर बुशरा मॅडमनी गुडघ्यावर पंजा उघडा धरला होता. पाच बोटं. सरांनी हात मागं घेतला. मॅडमनी दुसऱ्या हाताचा अंगठा काढला. सहा. मग एक बोट, सात. सरांनी त्या बोटांवरची नजर हलवली नाही. आठ.

"सर, राग न्हाई ना येनार?" अक्षदा म्हणाली.

"नाही."

"आमच्याकडं पावसाळ्यात चार म्हैने कापडं वाळत न्हाईत, इतका पाऊस. आन् एप्रिलात आई हंडा घेऊन पार खाली झऱ्याला उतरती. मंग एवढं सगळं पानी जातं कुठं?"

सरांच्या जिभेवर सगळं तयार होतं. काळा कातळ, उतार, मुरण, सच्छिद्रता, वीस मिनिटांचं लेक्चर. त्यांनी ते गिळलं. या वेळी गिळताना बरं वाटलं.

"आमच्या कांद्याला," ते म्हणाले. "तुमच्या डोंगरात निघालेली कुकडी आमच्या बोरीवरनं जाते. परवा रविवारी मी त्याच पाण्यात उभा होतो."

"म्हंजे आमचं पानी तुमी घेता?" अक्षदानं विचारलं. ती आता नखं बघत नव्हती.

"सगळ्यांनाच कुठं मिळतं?" स्वराज चिठ्ठीशिवाय पहिल्यांदाच बोलला. "आमचा मळा कॅनॉलच्या शेवटाला आहे. आमच्यापर्यंत येईस्तोवर नुसता ओला गाळ येतो."

"तुमच्याकडं कॅनॉल तरी हाय!"

"असून काय उपयोग?"

मग एकाच्या विहिरीचं निघालं, दुसरीच्या आजोळचं, धरणात गेलेल्या शेताचं. दोघं एकदम बोलायला लागले, तिसऱ्यानं त्यांना थांबवून एकेकाला पाळी दिली. तेजस्विनी मॅडमना राहवेना, त्यांनी तोंड उघडलं, तर चिमाजी सरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. सर मध्ये फक्त दोनदा बोलले. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. अक्षदा आणि स्वराज तर भांडत भांडतच दाराबाहेर गेले. बुशरा मॅडमनी मोजलं होतं. अकरा जण बोलले.

स्टाफरूममध्ये आल्यावर सरांनी डायरीतून अर्ज काढला आणि बुशरा मॅडमपुढं ठेवला. "हा तुमचा. सही करून पुढं पाठवू म्हणालात तर पाठवतो."

मॅडमनी अर्जाला हात लावला नाही. "खरंच ऑगस्टपासून एकही नाही?"

"एकही नाही."

"सर, मी दोन महिने घरी कुणाशी धड बोलले नाही. अम्मी रोज विचारायची, काय झालं म्हणून. मला वाटायचं सगळ्या कॉलेजात मी एकटीच नालायक." आता त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. सरांनीही मान खाली घातली नाही.

"चुकलंच माझं. लाज वाटत होती."

मॅडमनी टेबलावरचा अर्ज जवळ ओढला. मग त्यांच्या खांद्यांतला ताण सैल झाला, डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनीच हसायला लागल्या. "स्वराज कुणाशी सहमत झाला, सर? रिकाम्या खुर्चीशी?" त्यावर सगळ्या स्टाफरूममध्ये पुन्हा हसू उसळलं आणि सर सगळ्यात जोरात हसले.

हसू ओसरल्यावर मॅडमनी सरांच्या खिशातलं लाल पेन मागून घेतलं, अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. काय चांगलं: खरं बोललात. काय कमी: चारच्या पुढं मोजायला सोबत लागते. पुढं काय: गुरुवार, दहा वाजता, माझा वर्ग. कामाला यावे, बसायला नाही.

कागद सरांच्या डायरीत ठेवून त्यांनी पेन परत केलं. सरांनी तो पुन्हा काढून वाचला, नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की पोटात कावळे कोकलताहेत. त्यांनी डबा ओढून झाकण काढलं. आत साबुदाण्याची खिचडी.

"सर, उपास?" चिमाजी सरांनी विचारलं.

"उपास नाही. तेही घरी सांगायचं राहिलंय," सर म्हणाले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

बुशरा मॅडमनी डबा आपल्याकडं ओढला, त्यातली अर्धी खिचडी स्वतःच्या झाकणात घेतली आणि स्वतःच्या डब्यातली मेथीची भाजी न् दोन चपात्या सरांपुढं सरकवल्या. "आधी घरी फोन करा, सर. मी मोजते."

सरांनी नंबर लावला. पलीकडं रिंग वाजू लागली. समोर मॅडमचं एकेक बोट उघडत होतं, आणि सर फोन कानाला लावून चपातीचा पहिला तुकडा मोडत होते.